सर्वांत उंच कोण? आर्क्टिकमधले डोंगर मोजण्याची शंभर वर्षं

अलास्काच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या वर, ब्रुक्स नावाची पर्वतरांग पूर्व-पश्चिम आडवी पसरली आहे. लांबी साधारण ११०० किलोमीटर. एवढ्या लांबीत तिला ओलांडणारा रस्ता एकच, १९७४ साली तेलवाहिनीच्या कामासाठी बांधलेला डाल्टन हायवे. बाकी सगळीकडे पायी जायचं, नाहीतर नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या पट्टीवर उतरू शकणाऱ्या छोट्या विमानानं. या रांगेतलं सर्वांत उंच शिखर कोणतं, असं कुणी विचारलं तर नकाशा उघडावा आणि वाचून सांगावं, इतका हा सोपा प्रश्न वाटतो. पण अमेरिकेच्या सरकारी नकाशांनीच त्याची दोन उत्तरं देऊन ठेवली होती. एका दशकातल्या नकाशावर माउंट चेंबरलिन उंच, दुसऱ्या दशकातल्या नकाशावर माउंट इस्टो. दोन्ही नकाशे एकाच संस्थेचे, यूएसजीएसचे. आपल्याकडे नकाशांचं जे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो, ते तिथे ही संस्था करते. हा घोळ मिटायला २०१४ साल उजाडलं.

चूक कुणा आळशी माणसाची नव्हती. ते नकाशे त्यांच्या काळातली फार मोठी कामगिरी होते. डोंगराची उंची कळते कशी, हे नीट समजून घेतलं की दोन उत्तरं का आली तेही कळतं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना टोपोशीट हा शब्द नवा नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. साध्या नकाशात गाव, नदी, रस्ता कुठे आहे ते दिसतं. टोपोशीटवर त्याच्या जोडीला जमीन किती वर-खाली आहे तेही दिसतं, आणि ते काम करतात तपकिरी समोच्च रेषा. एका रेषेवरचे सगळे बिंदू समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की उतार सौम्य.

हे हातावर करून बघा. मूठ वळा, बोटांची उंच पेरं छताकडे करा आणि बॉलपेननं प्रत्येक पेराभोवती एक छोटं कडं काढा. मग थोडं खाली येऊन, टेबलापासून सारखीच उंची ठेवत, चारही पेरांना वेढणारी एक मोठी रेघ काढा. त्याच्या खाली आणखी एक. आता वरून, एक डोळा मिटून बघा. चार शिखरं, त्यांच्यामधल्या तीन खिंडी आणि मनगटाकडे उतरत जाणारी सोंड, सगळं सपाट रेघांतून वाचता येतं. मूठ हळूहळू उघडलीत की त्याच रेघा एकमेकींपासून लांब जातात, कारण उतार कमी झाला. ब्रुक्स रांगेत अ‍ॅरिगेच नावाचा ग्रॅनाइटच्या सुळक्यांचा समूह आहे. तिथल्या नुनामिउत लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ पसरलेल्या हाताची बोटं असा आहे. समोच्च रेषा समजावताना मला नेहमी तेच सुळके आठवतात.

रेषा समजल्या, पण ती उंची आणायची कुठून? डोंगरावर मोजपट्टी लावता येत नाही. जुनी पद्धत त्रिकोणाची आहे. सपाट जागेवर दोन बिंदूंमधलं अंतर अगदी काटेकोर मोजायचं. मग दोन्ही टोकांवरून थिओडोलाइटनं, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीनं, दूरचं शिखर बघून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण ठरतो आणि शिखरापर्यंतचं अंतर निघतं. शिखराकडे बघताना दुर्बीण किती वर उचलावी लागली, त्या कोनावरून उंची निघते. मग तेच शिखर पुढच्या त्रिकोणाचा पाया होतं. अशी त्रिकोणांची साखळी पुढे सरकत जाते.

यात दोन खोड्या आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा डोंगर क्षितिजाखाली थोडा बुडतो. दहा किलोमीटरवर हा बुडीत भाग आठ मीटरच्या जवळपास असतो, पण पन्नास किलोमीटरवर जवळजवळ दोनशे मीटर होतो, कारण तो अंतराच्या वर्गानं वाढतो. उलट हवेतून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि डोंगराला थोडं वर उचलून दाखवतो. तो किती वाकेल हे हवेच्या तापमानावर ठरतं. आर्क्टिकमध्ये बर्फालगत अतिथंड हवा आणि वर तुलनेनं उबदार हवा असे थर साचतात, त्यामुळे हे वाकणं तासातासाला बदलतं. पुण्याच्या टेकडीवर चालणारी दुरुस्ती तिथे दगा देऊ शकते.

अशा परिस्थितीत अर्नेस्ट डी कोव्हन लेफिंगवेल यांनी जे काम केलं, त्याबद्दल मला अपार आदर वाटतो. १९०६ साली ते आर्क्टिक किनाऱ्यावर एका मोहिमेतून आले. मोहिमेचं जहाज बर्फानं निकामी केलं, तेव्हा त्याच्याच लाकडांतून फ्लॅक्समन बेटावर झोपडी उभी राहिली. मोहीम संपून बाकीचे परतले, लेफिंगवेल मात्र काम सोडायला तयार नव्हते. १९१४ पर्यंत त्यांनी तिथे नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे काढले. कुत्र्यांच्या घसरगाडीवर, छोट्या होडीतून, पायी, असं फिरत त्यांनी किनारा आणि मागचे डोंगर नकाशावर आणले. आसपासच्या इनुपियात कुटुंबांची त्यांना साथ होती आणि स्थानिक नावं त्यांनी नकाशावर जपली. ओकपिलाक नदीच्या नावाचा अर्थ त्यांनी ‘वाळुंज नसलेली’ असा नोंदवला. वाळुंजाच्या जातीची खुरटी झुडपं हेच त्या वैराण मुलखातलं सरपण. म्हणजे त्या एका नावातच वाटसरूला सूचना होती की इथे मुक्काम केलास तर चूल पेटणार नाही.

त्यांचा अहवाल यूएसजीएसनं १९१९ साली छापला. त्यात नकाशा तर होताच, शिवाय कायम गोठलेल्या जमिनीत बर्फाच्या उभ्या पाचरी कशा तयार होतात याचं स्पष्टीकरण होतं, जे आजही मानलं जातं. डोंगरांना त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची नावं दिली. चेंबरलिन हे भूवैज्ञानिक, तर मायकेलसन म्हणजे प्रकाशाचा वेग मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ.

आता एक मोठी चूक सांगतो, कारण चुकीतूनच ही विद्या जास्त समजते. रॉबर्ट मार्शल नावाचे वनशास्त्रज्ञ १९२९ पासून ब्रुक्स रांगेच्या मध्यभागी, कोयुकुक नदीच्या उगमाकडच्या भागात फिरले. तो प्रदेश तेव्हा नकाशावर कोराच होता. नदीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन डोंगरांना त्यांनी ‘आर्क्टिकचं दार’ म्हटलं, आणि पुढे १९८० मध्ये तिथे झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला तेच नाव मिळालं. मार्शल यांनी त्या भागाचे बरेच नकाशे काढले. पण डूनेराक नावाच्या एका काळ्या, उभ्या सुळक्यानं त्यांना चकवलं. तो दहा हजार फुटांपेक्षा उंच असावा, आर्क्टिकमधला सर्वांत उंच असावा, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो निघाला ७४५७ फूट, म्हणजे २२७३ मीटर. चूक सुमारे आठशे मीटरची.

अनुभवी माणसाची एवढी चूक कशी होते? दरीत उभं राहून वर बघितलं की उभा सुळका नेहमी आहे त्याहून उंच वाटतो. लिंगाण्याच्या पायथ्याशी उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. दुसरं कारण तिथल्या भूगोलात आहे. आपल्याला डोळ्यांनी अंतर ओळखायला ओळखीच्या वस्तू लागतात, झाड, घर, गुरं. ब्रुक्स रांगेच्या वरच्या भागात झाड नाही, घर नाही. हवा इतकी स्वच्छ की वीस किलोमीटरवरचा कडा पाचावर वाटतो. हाताशी मोजलेला पाया आणि कोन नसेल तर डोळा हे फार खोटं बोलणारं यंत्र आहे.

पुढची क्रांती विमानांनी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अलास्कावरून तीन कॅमेरे लावलेली विमानं उडाली. एक कॅमेरा सरळ खाली बघणारा, दोन डाव्या-उजव्या बाजूला तिरके, म्हणजे एका उड्डाणात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जाई. त्यातून वैमानिकांसाठी नकाशे निघाले. १९५० च्या दशकात खास नकाशांसाठी सरळ खाली बघणारी छायाचित्रं पद्धतशीर घेतली गेली. एक फोटो काढायचा, थोडं पुढे जाऊन दुसरा काढायचा, दोन्हींत निम्म्याहून अधिक जमीन सामाईक असेल असं.

फोटोतून उंची कशी निघते? हाताचं बोट नाकासमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट जवळ आणलं तर उडी मोठी, लांब नेलं तर लहान. विमानातून घेतलेले दोन फोटो म्हणजे काही किलोमीटर अंतरावरचे दोन डोळे. शिखर कॅमेऱ्याला जवळ, म्हणून दोन फोटोंत ते जास्त सरकलेलं दिसतं. दरी लांब, ती कमी सरकते. ही सरक मोजली की उंची आली.

त्यासाठीचं यंत्र मोठं सुरेख होतं. अंधाऱ्या खोलीत दोन फोटो भिंगांतून एकावर एक असे दाखवले जात की बघणाऱ्यासमोर डोंगराची खोलगट-उंचवटेदार प्रतिमा उभी राही. त्या प्रतिमेत एक बारीक ठिपका तरंगत असे. समजा त्याची उंची ३००० फुटांवर पक्की केली. मग माणूस तो ठिपका डोंगराच्या अंगाला टेकलेला ठेवत, ना हवेत लटकू देत ना जमिनीत रुतू देत, सगळ्या सोंडा-घळींभोवती फिरवून आणायचा. ठिपक्याला जोडलेली पेन्सिल खाली कागदावर रेघ ओढत जायची. फिरून परत आला की ३००० फुटांची समोच्च रेषा तयार. ज्यांनी ब्रुक्स रांग कधी पाहिलीही नव्हती, त्या माणसांनी तिचा कडान्‌कडा असा डोळ्यांनी चालून काढला.

या नकाशांचं प्रमाण होतं १:६३,३६०. हा आकडा विचित्र वाटेल, पण एका मैलात इतके इंच असतात, म्हणजे एक इंच बरोबर एक मैल. भारतातल्या जुन्या एकइंची टोपोशीटचंही हेच प्रमाण होतं, पुढे आपण १:५०,००० वर आलो. एक गंमतीचा फरक मात्र आहे. आपल्या एकइंची टोपोशीटमध्ये अक्षांश आणि रेखांश दोन्ही पंधरा-पंधरा मिनिटांचे असतात आणि तुकडा जवळजवळ चौकोनी दिसतो. अलास्कात रेखावृत्तं ध्रुवाकडे एकवटत जातात. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा, तर ब्रुक्स रांगेत तो चाळीसच्या आसपास. तिथे पंधरा मिनिटांचा तुकडा नुसती पट्टी झाला असता, म्हणून उत्तरेकडच्या नकाशांना छत्तीस मिनिटांपर्यंत रुंदी द्यावी लागली.

आता चुका कुठे शिरल्या ते पाहू. पहिली जागा म्हणजे बर्फ. दोन फोटोंतला तोच बिंदू ओळखायला त्यावर काहीतरी खूण हवी, खडक, भेग, सावली. हिमनदीच्या वरच्या भागात ताजा पांढरा बर्फ असतो, तिथे ठिपका टेकवायचा कुठे? कामगारानं आजूबाजूचे खडक बघून अंदाजानं रेषा जोडल्या. नकाशावर हिमनदीवरच्या रेषा निळ्या असतात. त्या निळ्या रेषा वरच्या टोकाला फार विश्वासानं वाचू नयेत, हे तिथे काम करणारे जाणतात.

दुसरी जागा जमिनीवरचे ताबाबिंदू. फोटोंची जोडी डोंगराचा आकार देते, पण तो आकार नेमका किती उंचीवर आणि कुठे बसवायचा, हे सांगायला जमिनीवर आधीच मोजलेले काही बिंदू लागतात. तंबू ठोकताना खुंट्या लागतात तसे. जिथे गाव नाही, वाट नाही, तिथे अशा खुंट्या थोड्या आणि लांब लांब. मधला कापड-भाग वर-खाली फुगतो. चेंबरलिनची उंची त्या काळच्या नकाशात ९०२० फूट, म्हणजे साधारण २७४९ मीटर आली. इस्टो त्याच्या आसपासच. वीस-तीस मीटरच्या चुकीत दोन डोंगरांची क्रमवारी सहज उलटते, आणि नेमकं तेच झालं.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, ती रेषांची मर्यादा आहे. डोंगराळ भागात दोन रेषांमध्ये शंभर फुटांचं अंतर असे. म्हणजे नव्वद फुटांचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकतो आणि नकाशावर तिथे नुसता चढ दिसतो. नऊ मजली इमारतीएवढा कडा. ब्रुक्स रांगेत आखलेल्या पायवाटा नाहीत, माणूस नकाशावरूनच वाट ठरवतो. संध्याकाळी खिंडीतून उतरताना असा कडा समोर आला तर परत वर चढण्यावाचून इलाज नसतो.

हे नकाशे पन्नास वर्षं वापरात राहिले. तोवर बाकीचं जग उपग्रहांकडे वळलं होतं. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानानं रडारनं पृथ्वीच्या उंचीचा नकाशा घेतला. आज तुमच्या मोबाइलवरच्या ट्रेकच्या अ‍ॅपमध्ये हरिश्चंद्रगडाचा चढ-उताराचा आलेख दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच माहिती असते. पण ते यान साठ अंश उत्तर अक्षांशाच्या वर मोजत नव्हतं. ब्रुक्स रांग ६७ ते ६९ अंशांवर. सगळ्या जगाला फुकट मिळालेली ही उंची नेमकी आर्क्टिकला मिळाली नाही. अलास्कापेक्षा मंगळाचा नकाशा चांगला आहे, असं तिथले नकाशाकार त्या काळात कळवळून म्हणत.

हा कळवळा वैमानिकांच्या जिवाशी जोडलेला होता. अलास्कात वस्त्यांना जोडणारे रस्ते थोडे, सगळी ये-जा छोट्या विमानांनी. ढगात अडकलेला वैमानिक कॉकपिटमधल्या पडद्यावर डोंगर बघतो आणि त्या पडद्यावरची खिंड जर खऱ्या खिंडीपासून सरकलेली असेल, तर परिणाम उघड आहे. जुने नकाशे ज्या आधारचौकटीवर बसवले होते आणि जीपीएस जी चौकट वापरतं, त्यांच्यातलाच फरक अलास्कात शंभर मीटरच्या घरात जातो. नकाशा बरोबर, जीपीएसही बरोबर, तरी बिंदू दुसऱ्याच सोंडेवर.

म्हणून २०१० नंतर अलास्काचं काम नव्यानं हाती घेतलं गेलं. विमानातल्या रडारची एक पद्धत आहे, तिला इफ्सार म्हणतात. एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन अँटेना, दोन्ही जमिनीवरून परतलेल्या एकाच लहरी ऐकतात. लहर एका अँटेनाला किंचित आधी आणि दुसरीला किंचित नंतर पोहोचते. तेवढ्या फरकातून उंची काढतात. कल्पना पुन्हा दोन डोळ्यांचीच. पण रडारला उजेड लागत नाही आणि ढग आड येत नाहीत, आर्क्टिकमध्ये हे फार मोलाचं. फोटो काढायला तिथे वर्षातले थोडेच दिवस मिळतात, हिवाळा अंधाराचा, उन्हाळा ढगांचा, आणि ऊन असलं तरी सूर्य इतका खाली की डोंगरांच्या सावल्या दऱ्या गिळतात. रडारचीही एक खोड आहे. ते तिरकं बघतं, त्यामुळे उंच सुळक्यांच्या मागचा भाग त्याला दिसत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिशांनी उडावं लागतं. दहाएक वर्षांत सगळं अलास्का असं मोजून झालं, दर पाच मीटरवर एक उंची. त्यावरून १:२५,००० प्रमाणाचे ११ हजारांहून अधिक नवे नकाशे निघाले. जुन्या नकाशातल्या नद्या नव्या उंचीवर ठेवल्या तेव्हा कित्येक ओढे टेकडीच्या कुशीवरून आडवे वाहताना दिसले, ते सगळे पुन्हा आखावे लागले. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातल्या केंद्रानं उपग्रहांच्या फोटोजोड्यांतून अख्ख्या आर्क्टिकची उंची काढायला घेतली. २०१६ मध्ये अलास्काचा भाग खुला झाला, दोन मीटरवर एक उंची इतका बारीक. अंधाऱ्या खोलीत माणूस जो ठिपका फिरवत होता, तो आता महासंगणक अब्जावधी जागी फिरवतो.

पण आपल्या शिखरांचा निकाल लावला तो एका छोट्या विमानानं. मॅट नोलन हे अलास्कातले हिमनदीशास्त्रज्ञ, ब्रुक्स रांगेतल्या मॅकॉल हिमनदीवर वर्षानुवर्षं काम केलेले. ते स्वतः विमान चालवतात. त्यांनी विमानाच्या पोटात दुकानात मिळतो तसा चांगला डीएसएलआर कॅमेरा बसवला आणि त्याला अचूक जीपीएस जोडलं, जेणेकरून प्रत्येक क्लिकच्या क्षणी कॅमेरा हवेत नेमका कुठे होता ते कळावं. खुंट्या जमिनीवर ठोकायच्या ऐवजी त्या आकाशात ठोकल्या, असं म्हणता येईल. मग शेकडो फोटोंतल्या समान खुणा संगणक जुळवतो आणि डोंगर उभा करतो. या पद्धतीला ते फोडार म्हणतात. जिथे वन्यप्रदेशाच्या नियमांमुळे आणि भूगोलामुळे जमिनीवर उतरणंच अवघड, तिथे जमिनीवरच्या खुणा न लागणं हा मोठा दिलासा आहे.

तरी पडताळा हवाच. २०१४ च्या एप्रिलमध्ये किट डेलॉरिये शिखरांवर चढल्या. जगातल्या सातही खंडांच्या सर्वोच्च शिखरांवरून स्कीइंग करत उतरलेल्या त्या पहिल्या व्यक्ती. पाठीवर अचूक मोजणीचं जीपीएस घेऊन त्या बर्फाच्या धारेवरून माथ्यावर गेल्या, यंत्रानं नोंदी घेतल्या आणि मग स्कीवर खाली आल्या. काही दिवस आधी विमानातून काढलेली उंची आणि त्यांनी माथ्यावर मोजलेली उंची यांत फरक निघाला काही सेंटिमीटरचा.

निकाल असा. माउंट इस्टो २७३५.६ मीटर, पहिलं. दुसरं, कुणाच्या फारसं ध्यानीमनी नसलेलं, माउंट हबली, २७१७.६. चेंबरलिन तिसऱ्या क्रमांकावर, २७१२.३. चौथं मायकेलसन, २६९८.१. या पद्धतीत कमाल वीस सेंटिमीटरची अनिश्चितता धरली, तरी हबली आणि चेंबरलिनमधला पाच मीटरचा फरक त्यात पुसला जात नाही. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या सर्वोच्च शिखरापेक्षाही इस्टो शंभराहून अधिक मीटर उंच आहे.

यातला ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द आपण सहज बोलून जातो, पण डोंगराखाली समुद्र कुठे असतो? तो कल्पनेनं जमिनीखालून ओढून आणावा लागतो. पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नसल्यामुळे ही कल्पित पाण्याची पातळीही उंचसखल असते. जीपीएस मुळात मोजतं ते एका गुळगुळीत अंडाकृतीपासूनचं अंतर. हिंदी महासागरात गुरुत्वाचा मोठा खळगा असल्यामुळे, मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून जीपीएसची कच्ची उंची बघितली तर ती शून्याऐवजी उणे साठेक मीटर येते. मोबाइल आतल्या आत ती दुरुस्त करून दाखवतो. दुरुस्तीसाठी जागोजागच्या गुरुत्वाची मोजमापं लागतात आणि निर्मनुष्य डोंगरांत ती विरळ असतात. म्हणून नोलन आणि डेलॉरिये यांनी या मोजणीवर लिहिलेल्या शोधनिबंधात प्रत्येक उंचीसोबत ती कोणत्या आधारपातळीवरून मोजली तेही लिहिलं आहे. पातळी बदलली तर सगळे आकडे सरकतील. एकमेकांजवळच्या शिखरांचा क्रम मात्र त्यानं बिघडणार नाही.

क्रम बिघडू शकतो तो दुसऱ्या कारणानं, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. चेंबरलिनच्या माथ्यावर हिमनदी आहे. म्हणजे त्याची उंची म्हणजे खडक अधिक बर्फ. तापमान वाढतंय, बर्फ विरघळतोय, आणि माथा खाली येतोय. जुन्या नकाशातला चेंबरलिन २०१४ च्या मोजणीपेक्षा सुमारे ३७ मीटर जास्त उंच आहे. त्यातलं मोजणीतलं चुकणं किती आणि खरोखर वितळलेलं किती? नोलन आणि डेलॉरिये यांचा निष्कर्ष असा की पूर्वी ही क्रमवारी वेगळी असणं शक्य आहे आणि पुढेही ती बदलू शकते. इस्टोचा पहिला क्रमांक मात्र टिकेल. डोंगर म्हणजे अचल, अढळ, असं आपण म्हणतो. इथे डोंगराची उंची सांगताना साल सांगावं लागतं.

जमीनही हलते आहे. डाल्टन हायवेच्या बाजूच्या उतारांवर गोठलेल्या मातीचे, दगडांचे आणि झाडांचे मोठे लोंढे वर्षाला काही मीटरनं खाली सरकत रस्त्याकडे येताहेत. एकदा काढलेला नकाशा पन्नास वर्षं पुरवायची सोय तिथे उरलेली नाही. तोच उतार दर काही वर्षांनी मोजायचा, नव्यातून जुना वजा करायचा आणि जमीन कुठे खचली, कुठे फुगली ते बघायचं, असं आता काम चालतं. बर्फाच्या आधीचा आणि नंतरचा नकाशा वजा केला की डोंगरावर किती बर्फ साठला तेही निघतं, आणि त्यावरून उन्हाळ्यात नदीला किती पाणी येईल याचा अंदाज बांधता येतो.

नावांचं राहिलंच. इस्टो हे अलास्काच्या नकाशांसाठी सर्वेक्षण केलेल्या एका अभियंत्याचं नाव आहे, १९६६ मध्ये शिखराला दिलेलं. आपण मोजलेल्या रांगेतलं सर्वोच्च शिखर आपल्याच नावाचं आहे, हे त्यांना कळलं नाही. रिचर्ड हबली हे हिमनदीशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या मोहिमेत ते मॅकॉल हिमनदीवर काम करत होते आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. ज्या बर्फाच्या मोजणीची सुरुवात त्यांच्या मोहिमेनं केली, त्याच हिमनदीवर पुढे नोलन यांनी वर्षं घालवली.

शोधनिबंधातल्या त्या यादीत पाचवं शिखरही आहे, मायकेलसनपेक्षा फक्त तीन मीटरनं ठेंगणं. उंची २६९४.९ मीटर, दशांशापर्यंत पक्की. नावाच्या जागी लिहिलं आहे, ‘अनामिक’.